एका वर्षाचीं वेषमासिकें

वेषभूषेच्या मासिकांविषयीं आपल्या सुशिक्षित समाजांत दोन मतें आढळतात. पहिलें मत असें, कीं हीं मासिकें म्हणजे श्रीमंतांच्या रिकामपणाचा उद्योग असून त्यांचीं पानें उलटणें हाहि काळाचा अपव्ययच होय. दुसरें मत कोणी उघडपणें बोलून दाखवीत नाहीं. तें आचरणांत मात्र दिसतें. दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलींत असें एखादें मासिक हातीं लागलें, कीं पहिल्या मताचे कैवारीहि तें शेवटच्या पानापर्यंत चाळल्यावांचून खालीं ठेवीत नाहींत.

या दोन्ही मतांशीं आज मला भांडावयाचें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच आहे, कीं एखाद्या वर्षाचीं वेषमासिकें नीट लक्ष देऊन पाहिलीं, तर त्या वर्षीं कापड किती मिळत होतें, चामडें कोठें गेलें होतें, कोणाच्या घरांतून कोण नाहींसें झालें होतें आणि लोकांना कशाची भूक लागली होती, हें सारें त्यांत सांपडतें. यासाठीं मीं एकच वर्ष निवडलें आहे, तें १९४७ सालचें. त्या वर्षाच्या वेषमासिकांतून गाजलेल्या तीन वस्तु, आणि कोणत्याहि मासिकांत न शोभलेल्या दोन, अशा माझ्या आवडीच्या पांच वस्तु मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

प्रथम त्या काळाची परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. दुसरें महायुद्ध १९४५ मध्यें संपलें. परंतु त्याची टंचाई संपली नव्हती. इंग्लंडमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण होतें, आणि तें उठलें तें १५ मार्च १९४९ रोजीं. आरंभीं दर माणशीं वर्षाला ६६ कुपनें मिळत. स्त्रियांच्या एका लोकरी झग्याला ११ कुपनें लागत, जोड्याला ५ लागत. म्हणजे सहा झगे घेतले, कीं वर्षाचा हिशेब संपला. मग पायांत घालावयास जोडा नाहीं आणि थंडीला कोटहि नाहीं. पुढें तर ही संख्या आणखी घटविण्यांत आली. किती चुण्या घालाव्या, किती खिसे ठेवावे, किती गुंड्या लावाव्या, यांवरहि सरकारी मर्यादा होती. पुरुषांच्या विजारींच्या पायांशीं दुमडलेली पट्टीहि कापड वांचविण्यासाठीं बंद करण्यांत आली होती. अमेरिकेंत १९४२ मध्यें निघालेल्या हुकुमानें स्कर्टची लांबी आणि घेर हीं दोन्हीं ठरवून दिलीं. आपल्याकडेहि १९४३ च्या जूनमध्यें कापड व सूत यांवरील नियंत्रणाचा हुकूम निघाला. तेव्हां वाराच्या हिशेबानें जगणें म्हणजे काय, हें आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना कोणी शिकवावयास नको होतें.

या नियमांतून त्या वर्षांचा एक वेष आपोआप तयार झाला. खांदे आंत भरण घालून चौकोनी केलेले, स्कर्ट अरुंद आणि गुडघ्याशीं थांबणारा, जाकीट शिपायाच्या डगल्यासारखें. स्त्रिया कारखान्यांत, रुग्णवाहिकांवर आणि शेतांवर काम करीत होत्या. त्या कामाला तो वेष साजेसाच होता. पण सहा वर्षें एकच वेष म्हटला म्हणजे तो वेष राहत नाहीं, गणवेष होतो.

अशा वेळीं, १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं, पॅरिसमधील ३० आव्हेन्यू माँतेन या घरांत क्रिस्तियान दिऑर नांवाच्या वेषकारानें आपल्या नव्या पेढीचे पहिले वेष दाखविले. दिऑरचें वय तेव्हां ४२ वर्षांचें होतें. नॉर्मंडींतील ग्रानव्हिल गांवच्या एका खतकारखानदाराचा हा मुलगा. तारुण्यांत त्यानें चित्रांचें दुकान चालविलें, तें मोडलें. मग वेषांचीं रेखाटनें विकून पोट भरलें. पुढें रोबेर पिगे आणि लुसियाँ लेलाँग यांच्या पेढ्यांत नोकरी केली. स्वतंत्र पेढी काढण्यास त्याला भांडवल दिलें तें मार्सेल बुसाक या कापडगिरण्यांच्या धन्यानें. ही गोष्ट श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

त्या दिवशीं जे वेष पुढें आले त्यांत दोन आकृति होत्या. एकीचें नांव फुलाच्या दलपुंजावरून दिलेलें होतें. दुसरी इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखी, वरखालीं भरदार आणि मध्यें आवळलेली. खांद्यांतील भरण निघून गेलें होतें आणि खांदा आपल्या नैसर्गिक उतारानें खालीं येत होता. स्कर्ट गुडघ्यावरून उतरून जमिनीपासून सुमारें फूटभर उंचीवर येऊन ठेपला होता. ‘हार्पर्स बझार’ या अमेरिकन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो तेथें हजर होत्या. हें एक नवेंच रूप आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं काढले, आणि तेंच नांव या वेषाला कायमचें चिकटलें. जगभर लोक त्याला ‘न्यू लुक’ म्हणूं लागले.

माझ्या आवडीची पहिली वस्तु या संग्रहांतील ‘बार’ नांवाचा पोषाख. सायीच्या रंगाच्या शँटुंग रेशमाचें जाकीट आणि खालीं काळ्या लोकरीचा, चुण्याचुण्यांचा स्कर्ट. रंग दोनच. नक्षी नाहीं, भरतकाम नाहीं. सगळें कौशल्य शिवणींत आहे. जाकिटाचा कंबरेखालचा घोळ आंतून भरण घालून बाहेर उचललेला आहे, त्यामुळें कंबर आहे त्याहून बारीक दिसते. उत्तम शिंप्याची कसोटी झाकलेल्या भागांत असते असें आपल्याकडील जुने शिंपी म्हणतात, तें येथें पूर्णपणें पटतें. बाहेरून मोकळा दिसणारा हा वेष आंतून एखाद्या घराच्या सांगाड्यासारखा बांधलेला आहे. त्यासोबत रुंद कांठाची टोपी, हातमोजे आणि उंच टांचेचा निमुळता जोडा यावयाचाच. हे अलंकार मागाहून लावलेले वाटत नाहींत. टोपीच्या कांठाचा उतार खांद्याच्या उताराशीं जुळतो, आणि जोड्याचें टोंक घेराखालून नेमकें जितकें दिसावें तितकेंच दिसतें.

त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें रिचर्ड ॲव्हडन या २४ वर्षांच्या छायाचित्रकारानें पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकांत दिऑरच्या वेषांतील एका युवतीचें छायाचित्र घेतलें. ती गिरकी घेत आहे, घेर हवेनें फुललेला आहे आणि वाटेवरचे पुरुष वळून पाहत आहेत. वेष पुतळ्यावर न दाखवितां भर रस्त्यांत हालतांना दाखवावा, ही कल्पना मासिकांतून पुढें सर्वत्र पसरली, तिचा हा एक उत्तम नमुना होय.

या फुलांमागें एक दुःखहि होतें. दिऑरची धाकटी बहीण कॅथरीन ही जर्मनांविरुद्धच्या गुप्त प्रतिकार-चळवळींत होती. १९४४ च्या जुलैमध्यें ती पकडली गेली आणि रावेन्सब्र्युकच्या छळछावणींत पाठविली गेली. १९४५ च्या मे महिन्यांत ती जिवंत परत आली. पुढें आयुष्यभर तिनें फुलांचा व्यापार केला. ‘मिस दिऑर’ हें १९४७ सालचें सुगंधी द्रव्य, त्याचें नांव या बहिणीशीं निगडित आहे. हें ठाऊक झाल्यावर फुलाच्या आकाराचे ते झगे मला निव्वळ छानछोकीचे वाटत नाहींत. ज्या घरीं माणूस परत येईल कीं नाहीं याची वर्षभर वाट पाहिली गेली, त्या घरांतून तें फूल आलें होतें.

परंतु कारण समजलें म्हणून आक्षेप नाहींसे होत नाहींत, आणि आक्षेप गंभीर होते. एकेका पायघोळ झग्यास २० वारांपर्यंत कापड लागे असें सांगतात. आपल्या मापानें बोलावयाचें तर दोन नऊवारी लुगडीं आणि वर दोन वार. तेंहि केव्हां? इंग्लंडमध्यें युद्ध चालू असतांनाहि पावावर नियंत्रण नव्हतें, तें १९४६ च्या जुलैमध्यें आलें होतें आणि १९४८ च्या जुलैपर्यंत राहिलें. पॅरिसमध्यें माँमार्त्र भागांतील र्‍यू लेपिकच्या बाजारांत या वेषाचीं छायाचित्रें घेण्यास गेलेल्या मुलींवर बाजारांतील बायका चालून गेल्या आणि त्यांनीं त्यांचे कपडे ओढून फाडले. लंडनमध्यें व्यापारखात्याचे मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स यांनीं लांब स्कर्टास विरोध केला. हेच क्रिप्स १९४२ मध्यें राजकीय योजना घेऊन हिंदुस्थानांत आले होते. त्यांची ती योजना येथें जशी स्वीकारली गेली नाहीं, तसाच त्यांचा हा उपदेशहि लंडनच्या स्त्रियांनीं स्वीकारला नाहीं.

दुसरा आक्षेप अमेरिकेंतून आला, आणि तो कापडाचा नव्हता, मोकळेपणाचा होता. टेक्सासमधील डलास शहरांत ‘गुडघ्याच्या किंचित् खालीं’ अशा अर्थाच्या नांवाचा स्त्रियांचा संघ निघाला. आम्हांला चालावयाचें आहे, ट्राममध्यें चढावयाचें आहे, कामावर जावयाचें आहे. पुन्हां आमची कंबर कां आवळतां आणि पाय कां झांकतां, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल मला पहिल्यापेक्षां महत्त्वाचा वाटतो. कापडाची टंचाई कांहीं वर्षांनीं संपते. पण स्त्रीनें आपल्या शरीराला वेषाप्रमाणें वळवावें कीं वेषानें शरीराप्रमाणें वळावें, हा प्रश्न संपत नाहीं. याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें क्लेअर मॅकार्डेल नांवाची वेषकार दुसऱ्या टोंकाचें काम करीत होती. तिनें १९४२ मध्यें काढलेला एक झगा पुढून गुंडाळून बांधावयाचा, घरकामास चालणारा आणि मोठा खिसा असलेला होता. खिसा ही लहानशी गोष्ट नव्हे. ज्या वेषाला खिसा आहे, त्या वेषांतील स्त्रीच्या हातीं स्वतःची किल्ली आणि स्वतःचे पैसे असतात, असें तो वेष गृहीत धरतो.

आणि आतां बुसाक यांची आठवण करावी. ज्याच्या गिरण्यांतून कापड निघतें, त्याला दोन वारांचा झगा आवडेल कीं वीस वारांचा, हें सांगावयास अर्थशास्त्री नको. दिऑरची प्रतिभा खरी होती; पण त्या प्रतिभेच्या मागें उभा असलेला हिशेबहि खरा होता. मासिकांच्या चित्रांत प्रतिभा दिसते, हिशेब दिसत नाहीं. वाचकानें तो आपल्या मनानें पानाच्या समासांत लिहून घ्यावा.

माझ्या आवडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वस्तु विपुलतेंतून जन्मलेल्या नाहींत, टंचाईंतून जन्मलेल्या आहेत. दुसरी वस्तु इटलींतील फ्लॉरेन्स शहरच्या साल्व्हातोरे फेरागामो याची ‘अदृश्य’ सँडल. फेरागामो दक्षिण इटलींतील बोनितो या खेड्यांत १८९८ मध्यें जन्मला, अमेरिकेंत जाऊन त्यानें हॉलिवुडच्या नटनट्यांचे जोडे केले आणि १९२७ मध्यें मायदेशीं परतला. अबिसीनियावरील स्वारीबद्दल राष्ट्रसंघानें इटलीवर १९३५ मध्यें निर्बंध घातले, तेव्हां जोड्याच्या कमानींत घालावयाचें चांगलें पोलाद मिळेनासें झालें. त्यानें पोलादाऐवजीं बुचाचें लांकूड घेतलें आणि टांचेपासून तळव्यापर्यंत सलग असा भरीव तळ तयार केला. चामडें मिळेना तेव्हां त्यानें गवताचा वाख वापरला, मिठाईवरचा पारदर्शक कागदहि वळून वापरला. १९४७ मध्यें त्यानें नायलॉनच्या पारदर्शक तंतूंची सँडल केली. नदीवर मासे धरणाऱ्याच्या गळाच्या दोरीवरून ती सुचली असें सांगतात. पायावर पट्टा आहे, पण तो दिसत नाहीं. पाऊल जणूं कांहीं उंचावर नुसतेंच उभें आहे. त्या वर्षीं डलासच्या नीमन मार्कस या दुकानाचें वेषकलेचें पारितोषिक दिऑर आणि फेरागामो या दोघांनाहि मिळालें. एकाला वीस वार कापडाबद्दल आणि दुसऱ्याला जवळजवळ कांहींच न वापरल्याबद्दल! आणि शहर तेंच, जेथें दिऑरच्या विरोधी संघाची स्थापना झाली होती.

तिसरी वस्तु फ्लॉरेन्सचीच, गुच्ची या पेढीची बांबूच्या मुठीची हातपिशवी. तीहि १९४७ सालचीच मानली जाते. चामड्याची आणि इतर मालाची टंचाई असतांना पेढीच्या कारागिरांनीं जपानी बांबूचा तुकडा घेतला, तो आंचेवर धरून मऊ केला आणि कमानीसारखा वांकवून पिशवीची मूठ केली. बांबू थंड झाला कीं तो आकार कायम राहतो. आपल्या कोंकणांत आणि घाटावर बुरूड लोक बांबूला काय काय वळण देतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला या युक्तींत नवल वाटणार नाहीं. पण आदर नक्कीच वाटेल. बुरुडाचें सूप चार पैशांना गेलें आणि ही पिशवी धनिकांच्या हातीं गेली, यांत वस्तूच्या गुणाइतकाच नांवाचा आणि बाजाराचा भाग आहे. तरीहि हाताची अक्कल दोहींकडे एकच आहे.

चौथी वस्तु त्या मासिकांच्या गुळगुळीत पानांवर शोभली नसती, आणि तीच मला सर्वांत प्रिय आहे. इंग्लंडमधील ज्या हजारों स्त्रियांना पॅरिसचा झगा पाहणेंहि शक्य नव्हतें, त्यांनीं मासिकांतील चित्र समोर ठेवून आपला जुनाच स्कर्ट उसवला आणि त्याच्या खालच्या कडेला दुसऱ्याच कापडाची रुंद पट्टी जोडली. ती पट्टी कधीं जुन्या कोटाची असे. विमानहल्ल्याच्या रात्रीं प्रकाश बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांना लावलेलें काळें कापड युद्धानंतर रिकामें झालें होतें. कित्येकींनीं त्याचेच घेरदार स्कर्ट शिवले. जुनें कापड कसें वांचवावें हें सरकारनेंच १९४३ मध्यें एक पुस्तिका काढून स्त्रियांना शिकविलें होतें. तीच विद्या वापरून त्यांनीं सरकारला नको असलेला वेष तयार केला! ज्या कापडाआड रात्रीं भीतीनें बसून काढल्या, तेंच कापड कंबरेला बांधून त्या नाचावयास गेल्या. मंत्र्यांचा उपदेश कां फसला याचें उत्तर मला येथें मिळतें. लोक टंचाई सहन करतात, पण टंचाई हाच सद्‌गुण आहे असें कोणी सांगूं लागला, कीं त्यांचें मन उठतें.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २० नोव्हेंबर रोजीं, लंडनमध्यें राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यांचा वेष नॉर्मन हार्टनेल यांनीं बोत्तिचेल्लीच्या वसंताच्या चित्रावरून कल्पिला होता, आणि त्यासाठीं सुमारें १०,००० बारीक मोतीं अमेरिकेहून आणविले होते. नियमाप्रमाणें राजकन्येलाहि कुपनें द्यावीं लागलीं. देशभरांतून मुलींनीं आपलीं कुपनें त्यांना भेट म्हणून पाठविलीं. पण एकाचीं कुपनें दुसऱ्यानें वापरणें बेकायदा असल्यामुळें तीं परत करावीं लागलीं. याच विवाहाला हिंदुस्थानांतून एक भेट गेली. गांधीजींनीं स्वतः कांतलेल्या सुताचा, मधोमध ‘जय हिंद’ ही अक्षरें विणलेला एक छोटा जाळीदार रुमाल. वृद्ध राणी मेरी यांनीं त्याला गांधीजींचें पंचेंच समजून नापसंति दर्शविली, अशी हकीगत सांगतात. ही माझी पांचवी वस्तु. वेषमासिकांच्या नजरेनें ती कांहींच नव्हे. पण जें सूत कोणी कांतलें हें नक्की ठाऊक आहे, असें त्या सबंध वर्षाच्या वैभवांत मला दुसरें आढळत नाहीं.

कारण मासिकांतील सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते. वेषकाराचें नांव असतें, छायाचित्रकाराचें असतें, पुष्कळदां वेष धारण करणाऱ्या युवतीचेंहि असतें; चुण्या कोणी घातल्या, मोतीं कोणी ओवलीं, बांबू आंचेवर कोणी धरला, हें लिहिलेलें नसतें. दिऑर १९५७ मध्यें वारला. त्याच्या पेढीनें ३० मार्च २०२३ रोजीं मुंबईंत गेटवे ऑफ इंडियापुढें आपले वेष दाखविले. पेढीच्या तेव्हांच्या कलासंचालिका मारिया ग्राझिया क्युरी यांनीं मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकाम-शाळेच्या सहकार्यानें तो समारंभ योजला होता, आणि प्रवेशद्वारावर हातानें भरलेलें भव्य तोरण बांधलें होतें. पॅरिसच्या वेषांवरील भरतकाम कित्येक वर्षें मुंबईच्या कारखान्यांतून होत आलें आहे, हें त्या संध्याकाळीं निदान उघडपणें कबूल करण्यांत आलें. शाळेचें नांव झालें, ही चांगली गोष्ट झाली. सुई धरणाऱ्यांचीं नांवें अजून व्हावयाचीं आहेत.

तेव्हां श्रोतेहो, वेषमासिक हातीं आलें तर तें खुशाल चाळावें. सुंदर वस्तु आवडणें हा अपराध नव्हे. फक्त प्रत्येक चित्रापाशीं क्षणभर थांबून तीन गोष्टी विचाराव्या. हा वेष घालून चालतां येईल का? याचें कापड कोणाच्या वांट्याचें आहे? आणि हा शिवला कोणी? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें १९४७ च्या स्त्रियांनीं र्‍यू लेपिकच्या बाजारांत, डलासच्या सभेंत आणि आपल्या घरच्या शिवणयंत्रावर आपापल्या परीनें दिलीं. तिसरा प्रश्न त्यांनींहि पुरता विचारला नाहीं. तो आपल्याला विचारावयाचा आहे.